जॉइसने आयर्लंडशी नाळ तोडली नव्हती

१६ जून, म्हणजे ‘युलिसिस’ ही कादंबरी ज्या दिवशी घडते तो दिवस, जवळ आला की तिचा आयरिश लेखक जेम्स जॉइस याच्याबद्दलचा एक मजकूर हमखास फिरू लागतो. आशय असा: जॉइसला मायदेशाचा तिटकारा होता, आयर्लंडला तो ‘आपलीच पिल्लं खाणारी डुकरीण’ म्हणाला. कलावंताने आयुष्याकडे नखं कापत तटस्थपणे बघावं असं त्याचं मत होतं. देशाच्या प्रश्नांशी त्याला देणंघेणं नव्हतं. देशाने ‘युलिसिस’वर बंदी घातली आणि त्याने देशाकडे कायमची पाठ फिरवली. हे सगळं इतक्यांदा वाचलंय की आता गप्प बसवत नाही.

डुकरिणीचं वाक्य जॉइसच्या पुस्तकातलं आहे, पण ते बोलतो स्टीवन डेडलस, ‘अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट ॲज अ यंग मॅन’ या कादंबरीचा नायक. डॅविन हा राष्ट्रवादी मित्र ‘तूही आमच्यात ये’ म्हणून मागे लागलेला असतो, तेव्हा चिडलेल्या पोराच्या तोंडून ते निघतं. पुस्तकाच्या नावात ‘तरुणपणीचं’ हा शब्द आहे हे लोक विसरतात, असं जॉइसने फ्रँक बजेन या चित्रकार मित्राला बोलूनही दाखवलं होतं. हाच स्टीवन शेवटच्या पानावर आयर्लंड सोडताना लिहितो की माझ्या लोकांची अजून न घडलेली सदसद्विवेकबुद्धी मी माझ्या आत्म्याच्या भट्टीत घडवायला निघालोय. ज्याला देश नकोसा झालाय तो हे कशाला लिहील?

जॉइस स्वतः कडू बोललाच नाही असं मी म्हणणार नाही. १९०९ साली डब्लिनमधून आपल्या जोडीदारणीला, नोराला, लिहिलेल्या पत्रात आयर्लंडचा आणि आयरिश लोकांचा वीट आल्याचं त्याने स्वच्छ लिहिलंय. पण त्याआधी, सप्टेंबर १९०६ मध्ये, रोममधून भाऊ स्टॅनिस्लॉसला तो काय लिहितो तेही वाचा: मी आयर्लंडबाबत उगाच फार कठोर झालो, डब्लिनची मोहिनी माझ्या कथांत उतरलीच नाही, तिथल्यासारखा पाहुणचार तर युरोपात मला दुसरीकडे कुठे दिसला नाही. पुढच्या वर्षी त्याने ‘द डेड’ ही कथा लिहिली. डब्लिनच्या दोन म्हाताऱ्या बहिणींच्या घरची मेजवानी आहे तिच्यात, आणि यजमानांचं कौतुक करणारं भाषणसुद्धा. पत्रातली रुखरुख तिथे फेडलेली मला दिसते.

नखांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण इथे उद्धृत मधूनच तोडलेलं आहे. स्टीवन मित्राला, लिंचला, सौंदर्यशास्त्र समजावत डब्लिनच्या रस्त्यांवरून चाललाय. मध्येच हॉस्पिटलच्या कोपऱ्यावरून भंगार लोखंडाने भरलेली गाडी येते आणि तिच्या खडखडाटात त्याचं वाक्य बुडून जातं. पुढे तो म्हणतो, कलावंत देवासारखा आपल्या निर्मितीच्या पलीकडे, अदृश्य, बेफिकीर, नखं कापत बसलेला असतो. फिरणारा मजकूर इथे थांबतो, जॉइस थांबत नाही. लगेच लिंच म्हणतो, ती नखंही नाहीशी करायचा प्रयत्न करत असेल! तेवढ्यात बारीक पाऊस सुरू होतो, दोघे नॅशनल लायब्ररीकडे वळतात आणि लिंच वैतागून विचारतो, या दळभद्री, देवाने टाकून दिलेल्या बेटावर सौंदर्य न् कल्पनाशक्तीच्या बाता कसल्या मारतोस? भंगाराची गाडी, पाऊस, मित्राचा टोमणा, हे सगळं जॉइसने मुद्दाम तिथे ठेवलंय. सिद्धान्त स्टीवनचा आहे. त्याला रस्त्यावर आणून आयुष्याशी भिडवणारा लेखक जॉइस आहे.

देशाच्या प्रश्नांबद्दल म्हणाल तर त्रिएस्ते या इटालियन भाषक शहरात पोटासाठी इंग्रजी शिकवत असताना, १९०७ साली, त्याने तिथल्या ‘इल पिक्कोलो देल्ला सेरा’ या वृत्तपत्रात इटालियनमध्ये आयर्लंडवर लेख लिहिले. त्यातला एक माइल्स जॉइसवर आहे. आडनाव एकच, नातं नाही. खुनाच्या खटल्यात अडकलेला हा माणूस फक्त आयरिश बोलणारा, आणि न्यायालय चालायचं इंग्रजीत. जॉइस सांगतो: म्हातारा हातवारे करून, जीव तोडून लांबलचक कैफियत मांडतो आणि दुभाषा न्यायाधीशांना एवढंच सांगतो, ‘नाही म्हणतोय, महाराज.’ १८८२ साली गॉलवेत त्याला फाशी झाली. जगाच्या न्यायासनापुढे आपलं म्हणणं मांडू न शकणारा हा म्हातारा म्हणजेच आयर्लंड, असं जॉइसने परक्या वाचकांना परक्या भाषेत सांगितलं. आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांनी माइल्स जॉइसला मरणोत्तर माफी दिली ती २०१८ मध्ये, लेखानंतर १११ वर्षांनी.

बंदीचं थोडक्यात: ‘युलिसिस’वरची बंदी अमेरिकेत १९३३ पर्यंत आणि ब्रिटनमध्ये १९३६ पर्यंत होती. आयर्लंडमध्ये पुस्तक सहजी मिळत नसे, पण तिथे त्याच्यावर अधिकृत बंदी कधीच आली नाही.

राहिलं पाठ फिरवणं. १९१२ नंतर जॉइस आयर्लंडला गेला नाही आणि आयर्लंड स्वतंत्र झाल्यावरही ब्रिटिश पासपोर्ट त्याने शेवटपर्यंत बदलला नाही, हे खरं आहे. पण १९१२ ची ती फेरी कशी संपली तेही सांगायला हवं. ‘डब्लिनर्स’ हा त्याचा कथासंग्रह छापून तयार होता आणि डब्लिनच्या मुद्रकाने छापील कागदच नष्ट करून टाकले. १९४१ मध्ये तो झुरिकला वारला तेव्हा अंत्यविधीला आयरिश सरकारचा कोणी प्रतिनिधी नव्हता. डब्लिनहून तारेने चौकशी मात्र झाली: मरताना तो कॅथलिक होता का? पुढे नोराने त्याचं पार्थिव मायदेशी नेण्याची विनंती केली, तीही मान्य झाली नाही. पाठ कोणी कोणाकडे फिरवली, हे यावरून ज्याने त्याने ठरवावं.

आणि पाठ फिरवलेला माणूस अशी पत्रं लिहीत नाही. नोव्हेंबर १९२१. जॉइस पॅरिसमध्ये आहे, ‘युलिसिस’ तीन महिन्यांत बाहेर पडायचंय. तो डब्लिनला जोसेफीन मामीला विचारतो: ७, एकल्स स्ट्रीटच्या घरापुढचं लोखंडी कुंपण ओलांडून, त्याला लोंबकळून, पाय जमिनीपासून दोन-तीन फुटांवर आले की खाली उडी टाकणं साध्या माणसाला जमेल का? मी एकाला तसं करताना पाहिलंय, पण तो चांगला धडधाकट होता. मला नेमकं कळायला हवं, म्हणजे परिच्छेदाची शब्दरचना ठरवता येईल.

पुस्तकात ‘युलिसिस’चा नायक लिओपोल्ड ब्लूम मध्यरात्रीनंतर त्याच, म्हणजे स्वतःच्या, घरापुढे उभा आहे. किल्ली दुसऱ्या विजारीच्या खिशात राहिलीय. तो कुंपण ओलांडतो, लोंबकळतो, हात सोडतो. वजन ११ स्टोन ४ पौंड, म्हणजे साधारण ७२ किलो. दणका बसतो, पण इजा होत नाही. तो उठतो आणि तळघराच्या दाराने घरात शिरतो.