भाडं भरणाऱ्याला सरकार काय देतं?

सोसायटीच्या ग्रुपवर आज एकाने टाकलं, 'यांना सरकार फुकट घरं देतं, तरी रडगाणं संपत नाही.' निमित्त काय, तर बिल्डिंगमध्ये स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी उचल मागितली. पुण्यातल्या आंबेगावात त्यांच्या एका खोलीचं भाडं 7,500 वरून 9,000 झालंय.

फुकट घर कुठल्या खिडकीवर मिळतं तेवढं सांगा. पंतप्रधान आवास योजना शहरी 2.0 मध्ये 3 लाखांच्या आतल्या उत्पन्नाला मदत आहे, पण ती स्वतःच्या जागेवर बांधायला, नाहीतर घर विकत घ्यायला. व्याजाचं अनुदान जास्तीत जास्त 1.80 लाख, तेही पाच वार्षिक हप्त्यांत आणि आधी बँकेने कर्ज दिलं तर. मावशींना पगार रोख. स्लिप कोण देणार, तुम्ही? म्हाडाच्या सोडतीत नंबर लागला तरी उरलेल्या रकमेसाठी पुन्हा बँकच. भाड्याच्या घरांचा भागही योजनेत आहे, पण त्यातली मदत घरं बांधणाऱ्याला आणि चालवणाऱ्याला. येत्या एक तारखेचे 9,000 त्यातून निघत नाहीत.

आणि सरकार कुणाच्याच भाड्याला हातभार लावत नाही असं थोडंच आहे! केंद्राच्या कर्मचाऱ्याला पुण्यात मूळ पगाराच्या 30 टक्के घरभाडे भत्ता मिळतो. 18,000 वर 5,400. खासगीतल्यांना जुन्या करपद्धतीत एचआरएची, म्हणजे घरभाडे भत्त्यावरची करसूट. आईवडिलांच्या नावाने भाडेपावत्या फाडणारे याच ग्रुपवर आहेत, नावं घेत नाही. मावशींना सरकारने भाड्यासाठी हजार-दोन हजार भत्ता द्यावा म्हटलं की मात्र ते फुकटे!

भत्ता दिला की मालक भाडं वाढवतील, हे मान्य. म्हणून वाढीला लगाम हवा. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात जुन्या भाडेकरूंसाठी वर्षाला 4 टक्क्यांची मर्यादा आहे. लिव्ह अँड लायसन्सवाल्याला, म्हणजे ठरावीक महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला, ती नाही, दर अकरा महिन्यांनी तो मालकाच्या मर्जीवर.

असो. चिडून मावशींचं भाडं कमी होत नाही. निदान करार तरी धड करून द्या. त्यांचा आहे नोटरीचा. 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही' हे महाराष्ट्रात चालत नाही. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, नोंदणी सक्तीची आणि जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. मालक का टाळतात? बहुतेकदा स्वतः राहत असल्याची पुणे महापालिकेच्या मिळकतकरातली 40 टक्के सवलत जाईल म्हणून. (दोन खोल्यांच्या भाड्यावर जगणाऱ्या विधवा मालकिणीही आहेत, त्यांची भीती मला कळते.)

अकराऐवजी 33 महिन्यांचा करार करा आणि प्रत्येक अकरा महिन्यांनंतरचं भाडं आकड्यात लिहा. '5 टक्के वाढ' नको, रुपये लिहा. म्हणजे मधेच दीड हजार वाढवायला जागाच उरत नाही. 9,000 भाडं आणि 30,000 डिपॉझिट धरलं तर मुद्रांक शुल्क साधारण 800, नोंदणी फी 1,000, वर हाताळणी शुल्क आणि एजंट. डिपॉझिट रोख देऊ नका. द्यावंच लागलं तर रक्कम आणि तारीख करारात घाला. आधार आणि अंगठा घेऊन ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते. झाली की इंडेक्स-2 ची, म्हणजे नोंदणीच्या सरकारी गोषवाऱ्याची प्रत मागून घ्या. मावशींच्या मालकांना हे समजावायला ग्रुपमधलं कुणी येणार असेल तर सांगा, मसुदा तयार आहे.