ओक लंडनचा, भांडण शिवाजी पार्कचं

क्रिकेट सोडून कट्ट्यावर जुनं झाड आड आलं तर तोडावं, हलवावं की राखावं यावरून भांडण पेटलं, ही मंद्याची कृपा. भाचीने लंडनच्या क्यू गार्डन या वनस्पती उद्यानातल्या लुकोम ओकचा फोटो पाठवला होता. १७७३ साली लावलेलं झाड. ‘याला म्हणतात हेरिटेज!’ इति मंद्या.

‘कसलं हेरिटेज? संकर आहे तो,’ नाना म्हणाले. ‘टर्की ओक आणि बुचाचा ओक यांचा. एक्सेटरच्या विल्यम लुकोमच्या नर्सरीत १७६२ च्या सुमारास एक रोप हिवाळ्यातही पानं गाळेना. शेटजींनी ओळखलं, धंदा आहे. कलमं बांधून विकत सुटला. मग एक कलम काढा, दुसरीकडे लावा, विषय संपला. आपण हापूसचं काय करतो?’

नानांनी एकदा हापूस काढला की त्यांच्यापुढे बोलणं अवघड. माणूस देवगडचा.

शैलाताई मात्र हटल्या नाहीत. ‘मूळ झाडाचं काय झालं, तेही सांगा की. लुकोमनेच १७८५ मध्ये तोडलं, स्वतःच्या शवपेटीसाठी! फळ्या पलंगाखाली ठेवल्या. हा काही मरेना, फळ्या मात्र दमट हवेने कुजल्या. शेवटी म्हणे कलमाच्याच एका झाडाची पेटी झाली.’

मंद्याच्या हातचा चहा सांडला.

‘बघा, कलमच कामाला आलं,’ नाना.

‘लाकूड म्हणून,’ मी म्हटलं. ‘१८४६ मध्ये क्यूत सायन व्हिस्टाचा (आपलं सायन नव्हे) रस्ता आखताना हेच झाड आड आलं. कलम तेव्हाही काढता आलं असतं. पण त्यांनी त्र्याहत्तर वर्षांचं अख्खं झाड मुळासकट वीसेक मीटर सरकवलं.’

‘म्हणजे हलवलेलं चालतं! मग इथे का बोंबलता?’ नाना.

‘तिथे ते त्याच बागेत, माळ्यांच्या नजरेखाली राहिलं. आमच्या गल्लीतल्या झाडाच्या सगळ्या फांद्या छाटून नुसता खुंट ट्रकवर चढवला. पुढे त्याला पाणी घालायला कोण गेलं?’

मंद्याने कायदा काढला. २०२१ पासून राज्यातल्या शहरांत ५० वर्षांवरचं झाड हेरिटेज. तोडलंच तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. नाना खूश. ‘झाला की हिशेब!’

‘राणीच्या बागेतली उर्वशी गेली तर?’ शैलाताई. ‘ब्रह्मदेशातलं झाड, बी धरतं क्वचित. तिच्या बदल्यात कसली रोपं लावणार, गुलमोहराची?’

‘गुटी बांधायची. फांदीलाच मुळं फुटली की नवं झाड तयार.’

‘ती जिवंत फांदीवर बांधतात, नाना.’