खाणगावांची आणि शेतकऱ्यांची वृत्तपत्रं कुणाची होती? फिरत असलेल्या एका संदेशाला उत्तर

गेले काही दिवस एक संदेश सगळीकडे फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खाणींच्या आणि शेतीच्या गावांत पूर्वी जी लहान वृत्तपत्रं निघत, ती सगळी कंपन्यांची आणि जमीनदारांची मुखपत्रं होती. मजूर आणि शेतकरी निरक्षर, त्यामुळे ती त्यांनी कधी वाचलीच नाहीत. मजकूर शहरातून आणलेला, उसना. मग इंटरनेट आलं, ती संपली आणि कुणाचं काही अडलं नाही.

चारही विधानांत सत्याचा एखादा कण आहे, म्हणून ती पटकन पटतात. पण त्या कणाभोवती जे रचलं आहे ते चुकीचं आहे, आणि ज्यांनी या वृत्तपत्रांसाठी तुरुंग भोगला, छापखाने गमावले, त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. म्हणून हे सविस्तर उत्तर.

मालकीच्या दाव्यापासून सुरुवात करू. त्याच्या बाजूचं सर्वांत भक्कम उदाहरण आधी मांडतो. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात ॲनाकोंडा या तांब्याच्या कंपनीकडे ब्यूट, बिलिंग्ज, मिझुला, हेलेना इथली प्रमुख दैनिकं होती. १९५९ मध्ये कंपनीने ती ली या वृत्तपत्र समूहाला विकली. तोवर कंपनीला अडचणीची ठरेल अशी बातमी दडपण्याची त्यांना सवय लागली होती. खोटं छापण्यापेक्षा काहीच न छापणं त्यांना सोयीचं होतं. इतकं सगळं खरं आहे.

आता त्याच ब्यूट शहराची दुसरी बाजू पाहा. १ ऑगस्ट १९१७ च्या पहाटे फ्रँक लिटल या कामगार संघटकाला तिथल्या त्याच्या मुक्कामावरून उचलून नेलं आणि फासावर लटकवलं. पुढच्याच वर्षी कामगारांच्या बाजूने ‘ब्यूट डेली बुलेटिन’ उभं राहिलं. त्याचे संपादक विल्यम डन यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला गेला. शिक्षा झाली, ती नंतर वरच्या न्यायालयात रद्द झाली. ॲनाकोंडाने दैनिकं विकत घेतली हे सांगायचं आणि त्याच गावात कामगारांनी स्वतःचं वृत्तपत्र चालवलं हे गाळायचं, हा इतिहास नव्हे. मुळात कंपनीने पैसा ओतला तो ही वृत्तपत्रं गावात मोजली जात होती म्हणूनच. ज्या कागदाला कुणी विचारत नाही, तो विकत घ्यायला कुठली कंपनी तिजोरी उघडेल?

ऑस्ट्रेलियातल्या बॅलारटचं उदाहरण याहून जुनं. सोन्याच्या शोधात आलेल्या खोदकऱ्यांवर सरकारने परवाना शुल्क लादलं होतं. सोनं सापडो न सापडो, पैसे भरायचेच, आणि परवाना जवळ नसेल तर पोलीस पकडून नेत. हेन्री सीकॅम्प यांनी १८५४ मध्ये सुरू केलेल्या ‘बॅलारट टाइम्स’ने या जुलमाविरुद्ध सणसणीत अग्रलेख लिहिले. ३ डिसेंबर १८५४ ला खोदकऱ्यांनी युरेका इथे उभारलेल्या मोर्चेबंदीवर सैनिकांनी हल्ला केला आणि दुसऱ्याच दिवशी सीकॅम्प यांना अटक झाली. त्यानंतर जे घडलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. देशद्रोहाचा खटला ज्या १३ बंडखोरांवर चालला, ते सगळे निर्दोष सुटले. तुरुंगात गेला तो संपादक. सहा महिन्यांची शिक्षा, त्यातले तीन महिने त्यांनी भोगले. तोवर त्यांच्या पत्नी क्लारा यांनी वृत्तपत्र थांबू दिलं नाही. सरकारला कोणाची भीती अधिक वाटत होती, हे यातून कळतं.

ब्रोकन हिल हे त्याच देशातलं चांदी-शिशाच्या खाणींचं गाव. तिथे युनियनचं साप्ताहिक २ नोव्हेंबर १९०८ पासून ‘बॅरियर डेली ट्रुथ’ या नावाने दैनिक झालं. दोनच महिन्यांनी, १९०९ च्या पहिल्या दिवशी, तिथल्या खाण कंपनीने कामगारांना कामाबाहेर ठेवणारी मोठी टाळेबंदी लागू केली. टाळेबंदीच्या त्या महिन्यांत खाणकामगारांच्या हाती रोज निघणारं स्वतःचं दैनिक होतं. न्यूझीलंडच्या कोळसापट्ट्यातला ‘ग्रे रिव्हर आर्गस’ १८६५ पासून निघत होता. १९१९ मध्ये तो कामगार चळवळीचं दैनिक झाला आणि पुढे जवळपास अर्धशतक टिकला.

जुन्या काळची गोष्ट म्हणून हे झटकता येणार नाही. केंटकीच्या डोंगराळ कोळसापट्ट्यात व्हाइट्सबर्ग नावाचं छोटं गाव आहे. तिथलं ‘माउंटन ईगल’ टॉम आणि पॅट गिश या दांपत्याने १९५६ मध्ये घेतलं. डोंगर पृष्ठभागापासून सोलत जाणाऱ्या खाणकामाने काय होतं, शाळांचा कारभार कसा चालतो, पोलीस कसे वागतात, हे त्यांनी नावानिशी छापलं. बैठकांना बसू न देणं, जाहिराती तोडणं, सगळं करून झालं. १९७४ च्या ऑगस्टमध्ये कचेरीच पेटवली गेली. या प्रकरणात गावातला एक पोलीस दोषी ठरला. गिश दांपत्याने आपल्या घरातून अंक काढला. शीर्षकाखाली जे ‘गरुड किंचाळतो’ अशा अर्थाचं वाक्य असे, ते त्यांनी ‘गरुड अजूनही किंचाळतो’ असं केलं. याला कंपनीचं मुखपत्र म्हणायचं का?

आता निरक्षरतेचा मुद्दा. सगळे खाणकामगार आणि सगळे शेतकरी वाचू शकत नव्हते, हे खरं. पण एकाने वाचायचं आणि भोवतालच्यांनी ऐकायचं, अशी वृत्तपत्रं पोचत. त्यामुळे वाचकसंख्या आणि अंकांची संख्या एकच धरणं चूक आहे. शिवाय वेल्सच्या कोळशाच्या दऱ्यांत रविवारच्या शाळांतून प्रौढ कामगारही आपल्या भाषेत वाचायला शिकत. ॲबरडेअर इथून १८७५ मध्ये सुरू झालेलं ‘तारियन अ ग्वेथिउर’, म्हणजे ‘कामगाराची ढाल’, हे वेल्श साप्ताहिक १९३४ पर्यंत चाललं. वाचकच नसते तर ५९ वर्षं अंक कुणाच्या वर्गणीवर निघाले?

मिशिगनच्या तांबेपट्ट्यात फिनलंडहून आलेल्या खाणकामगारांचं ‘त्योमिएस’ १९०४ पासून हॅन्कॉक गावातून निघत होतं. १९१३ च्या संपात, २४ डिसेंबरच्या रात्री, संपकऱ्यांच्या मुलांसाठी भरवलेल्या मेळाव्यात आग लागल्याची खोटी हाळी उठली. जिन्यावरच्या चेंगराचेंगरीत ७३ जण मेले, त्यांत बहुतेक मुलं. ती हाळी कुणी दिली यावर ‘त्योमिएस’ने जे छापलं, त्यासाठी त्याच्या संपादकवर्गाला अटक झाली. ज्यांना इंग्रजी येत नव्हतं अशा कामगारांना त्या रात्रीची दुसरी बाजू त्यांच्याच भाषेत वाचता आली ती या वृत्तपत्रामुळे.

आणि शेतकरी? मराठी वाचकाला हा प्रश्न पडावा याचंच मला वाईट वाटतं. मुकुंदराव पाटलांचं ‘दीनमित्र’ १९१० ते १९६७ इतका काळ चाललं, आणि ते निघत होतं नगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून. ना मुंबई, ना पुणे. सत्यशोधक विचारांचं हे पत्र सावकारीवर, भिक्षुकशाहीवर, कुळकर्ण्यांच्या कारभारावर शेतकऱ्याच्या बाजूने लिहीत राहिलं. त्याच्याही आधी, १८७७ मध्ये, मुकुंदरावांचे वडील कृष्णराव भालेकर यांनी ‘दीनबंधू’ सुरू केलं होतं. शेतकऱ्यांचं वृत्तपत्र शेतकऱ्यांनीच चालवण्याची परंपरा आपल्याकडेच इतकी जुनी असताना तो संदेश मराठीत आनंदाने पुढे ढकलला जातो आहे.

कॅनडातल्या गहू पिकवणाऱ्या प्रांतांत शेतकरी संघटनांनी १९०८ मध्ये विनिपेगहून ‘ग्रेन ग्रोअर्स गाइड’ काढलं. त्याच्या महिलांच्या पानाच्या संपादक फ्रान्सिस मॅरियन बेनन यांनी शेतकरी बायकांच्या मताधिकाराची बाजू वर्षानुवर्षं लावून धरली, आणि १९१६ च्या जानेवारीत मॅनिटोबात तो हक्क मिळाला. सीमेपलीकडे नॉर्थ डकोटात १९१५ मध्ये नॉनपार्टिझन लीग ही शेतकऱ्यांची राजकीय संघटना उभी राहिली. धान्याचे कोठारवाले, रेल्वे आणि मिनीॲपोलिसचे व्यापारी मिळून गव्हाचा भाव आणि प्रत ठरवतात, ही तिची तक्रार. सभासद शुल्कातच लीगच्या साप्ताहिकाची वर्गणी धरलेली असे, त्यामुळे सभासद झाला की अंक घरी येई. १९१६ मध्ये लीगचा उमेदवार गव्हर्नर झाला आणि १९१९ मध्ये राज्याच्या मालकीची बँक ऑफ नॉर्थ डकोटा स्थापन झाली. ती आजही चालू आहे. न वाचल्या जाणाऱ्या वृत्तपत्राच्या बळावर शेतकऱ्यांनी बँक उभी केली, असं मानायचं का?

उसन्या मजकुराचा दावा अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा भाग मी मान्य करतो. अमेरिकेत ॲन्सेल केलॉग यांनी १८६५ मध्ये शिकागोत एक धंदा सुरू केला: कागदाची एक बाजू आधीच छापून गावोगावच्या संपादकांना पाठवायची. त्या बाजूला देशोदेशीच्या बातम्या, कथा, औषधांच्या जाहिराती. गावच्या संपादकाने उरलेली बाजू भरायची. छापखान्यात एखाद-दुसराच माणूस असे, अक्षरांचे खिळे हाताने जुळवायचे, आणि दर आठवड्याला अंक तर काढायचाच. ही सोय शेकडो साप्ताहिकांनी घेतली. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

पण वाचक अंक उघडत तो दुसऱ्या बाजूसाठी. तिथे काय असे, याबद्दल तो संदेश एक अक्षर बोलत नाही, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा तिथेच आहे. अमेरिकेच्या १८७२ च्या खाण कायद्यानुसार खाणीच्या जागेची कायम मालकी मागणाऱ्याला त्या जागेच्या सर्वांत जवळच्या वृत्तपत्रात ६० दिवस नोटीस छापावी लागे. सरकारी जमीन कसून ती नावावर करून घेणाऱ्या शेतकऱ्यांसाठी १८७९ मध्ये तसाच कायदा झाला. ३० दिवस नोटीस, जमिनीचं वर्णन, आणि साक्षीदारांची नावं. म्हणजे शेजाऱ्याची जमीन कुणी आपली म्हणून नोंदवत असेल, तर शेजाऱ्याला ते कळण्याचा राजमार्ग होता गावचं साप्ताहिक. हरकत घ्यायची तर मुदत तिथेच छापलेली. एका परीने सातबाराच्या फेरफाराची नोटीस चावडीवर लागावी तसं हे काम, फक्त ही चावडी दर आठवड्याला घरी येत असे.

या नोटिशींच्या पैशावर पुष्कळ साप्ताहिकं जगली. काही तर केवळ त्याच पैशासाठी निघाली आणि वस्तीतल्या जमिनींचे दाखले होऊन गेले की बंद पडली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर नाही. पण त्यांनी छापलेली नोटीसही शेजाऱ्याच्या उपयोगीच पडे, आणि ती शिकागोहून छापून येणं शक्यच नव्हतं. अपघातात गेलेल्यांची नावं, कुठल्या शिवारात टोळ उतरले, कोणत्या शाफ्टमध्ये पाणी शिरलं, हेही नाही.

राहिला इंटरनेटचा मुद्दा. नेवाडातल्या व्हर्जिनिया सिटीत चांदीच्या भरभराटीच्या काळात ‘टेरिटोरियल एंटरप्राइझ’ गाजलं. मार्क ट्वेन हे टोपणनाव पहिल्यांदा वापरलं गेलं ते १८६३ मध्ये याच दैनिकात. चांदी आटली, माणसं गेली आणि १८९३ मध्ये अंक थांबला. ‘तारियन’ १९३४ मध्ये, ‘ग्रे रिव्हर आर्गस’ १९६६ मध्ये, ब्रोकन हिलचं ‘बॅरियर मायनर’ १९७४ मध्ये बंद झालं. यांतल्या एकाच्याही मरणाशी इंटरनेटचा संबंध नाही. खनिज संपणं, वस्ती पांगणं, दोन वृत्तपत्रांचं एक होणं, ही कारणं फार जुनी. गेल्या वीस वर्षांत जाहिराती मोबाइलवर गेल्या आणि मोठ्या समूहांनी लहान आवृत्त्या छाटल्या, तेव्हा पडझडीचा वेग वाढला हे नक्की. ऑस्ट्रेलियात २०२० मध्ये एकाच समूहाने शंभराहून अधिक स्थानिक आणि प्रादेशिक वृत्तपत्रांची छपाई थांबवण्याचं जाहीर केलं. पण तो या गोष्टीचा शेवटचा अध्याय आहे, संपूर्ण गोष्ट नव्हे.

‘कुणाचं काही अडलं नाही’ हे वाक्य मला सगळ्यांत जास्त खटकतं. स्थानिक वृत्तपत्र बंद पडल्यावर त्या भागातल्या स्थानिक संस्थांना रोख्यांवर द्यावं लागणारं व्याज वाढतं, असं अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं. वाढ ०.०५ ते ०.११ टक्क्यांच्या आसपास. आकडा लहान दिसतो, पण कर्ज कोट्यवधींचं असतं आणि ते करातून फेडलं जातं. पाहणारं कुणी नसलं की कारभार महाग होतो, आणि कर्ज देणाऱ्यांनाही ते कळतं.

उलट बाजूचं उदाहरण आयोवातलं. मका आणि डुकरांच्या त्या प्रदेशात ‘स्टॉर्म लेक टाइम्स’चा खप होता जेमतेम तीन हजार. शेतातल्या खतांमुळे नदीच्या पाण्यात नायट्रेट उतरतं, म्हणून डे मॉइन शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने तीन परगण्यांवर दावा लावला. परगण्यांच्या वकिलांचे पैसे कोण भरतं आहे, हे कुणी सांगेना. संपादक आर्ट कलन त्याच प्रश्नाच्या मागे लागले आणि शेती-उद्योगातल्या बड्या हितसंबंधांचा पैसा उजेडात आला. २०१७ मध्ये या अग्रलेखांना पुलित्झर पारितोषिक मिळालं. वाचक बहुतेक शेतकरी, आणि लिहिलेलं त्यांना सुखावणारं मुळीच नव्हतं. आपल्याकडे बुंदेलखंडात २००२ पासून ग्रामीण स्त्रियांनी चालवलेली ‘खबर लहरिया’ पुढे छापील पानावरून मोबाइलवर गेली आणि तिथेही ती बातमीच देते आहे. म्हणजे इंटरनेटनेच सगळं मारलं, हेही पूर्ण खरं नाही.

ज्यांना अजूनही शंका आहे, त्यांच्यासाठी पुरावा मोफत उपलब्ध आहे. ‘बॅरियर मायनर’चे जुने अंक ऑस्ट्रेलियाच्या ‘ट्रोव्ह’ या संग्रहात आहेत, ‘ग्रे रिव्हर आर्गस’ न्यूझीलंडच्या ‘पेपर्स पास्ट’वर. संदेश पुढे पाठवण्याआधी कोणत्याही एका आठवड्याचे अंक उघडून पाहावेत. आणि पाठवायचाच असेल तर ‘सगळी’ हा शब्द काढून ‘मोंटानातली बरीचशी’ असं लिहावं. तेवढं मला मान्य आहे.