लंडनला बिऱ्हाड केलेलं सरकार

ॲम्स्टरडॅममध्ये नवीन होतो तेव्हाची गोष्ट. मे महिन्याची चार तारीख, संध्याकाळचे आठ, आणि ट्राम दोन स्टॉपांच्या मधेच उभी राहिली. मला वाटलं, बिघडली. शेजारच्या बाईंना विचारायला तोंड उघडलं तर त्यांनी माझ्याकडे न बघताच ओठांवर बोट ठेवलं. दोन मिनिटं डब्यात कुणी हललं नाही. मग घंटी वाजवून ट्राम निघाली आणि लोक पुन्हा आपापल्या फोनमध्ये शिरले. तो मृतांच्या स्मरणाचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी, ५ मेला, मुक्तिदिन, जर्मनांच्या ताब्यातून सुटल्याचा.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, नव्वदी ओलांडलेल्या. यंदा चार तारखेला त्यांच्याकडे कॉफीला बसलो होतो. (इथे कॉफीसोबत बिस्कीट एकच मिळतं, डबा लगेच बंद होतो. आता सवय झाली.) बोलता बोलता म्हणाल्या, "राणी पळाली हे कळलं तेव्हा माझे वडील दिवसभर जेवले नाहीत. आणि पुढे त्याच राणीचा आवाज ऐकायला रोज रात्री कोळशाच्या कोठीत उतरायचे. रेडिओ कोळशाखाली पुरलेला असायचा."

आजींच्या वडिलांसारखंच मलाही अजून नीट ठरवता येत नाही की दुसऱ्या महायुद्धात देश सोडून लंडनला जाऊन बसलेलं ते डच सरकार शूर होतं की पळपुटं. थोडं वाचल्यावर मत बनलं आहे, ते लिहितो.

१० मे १९४० च्या पहाटे जर्मनीने नेदरलँड्सवर हल्ला केला. पहिल्या महायुद्धात हा देश तटस्थ राहून वाचला होता, या वेळीही वाचू अशी भाबडी आशा होती. तीन दिवसांत ती संपली. १३ तारखेला राणी विल्हेल्मिना हूक फान हॉलंडला 'हेअरवर्ड' या ब्रिटिश युद्धनौकेवर चढल्या. त्यांना इंग्लंडला जायचंच नव्हतं. दक्षिणेला झीलंड प्रांतात उतरून तिथून लढाई चालू ठेवायची होती. पण तिकडे बॉम्ब पडत होते, कप्तानाने थेट इंग्लंडचं हारविच बंदर गाठलं. तिथून रेल्वेने लंडन. लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवर खुद्द राजा सहावा जॉर्ज उतरवून घ्यायला आलेला. मंत्री त्याच संध्याकाळी दुसऱ्या नौकेने निघाले. दुसऱ्या दिवशी रॉटरडॅमचं मधलं शहर जाळलं गेलं, आणि १५ तारखेला जनरल विंकेलमन यांनी शरणागतीवर सही केली.

लोक संतापले, आणि ते साहजिकच होतं. गोळ्या खायला पोरं आणि जहाजात बसायला मंत्री, असं कुणालाही वाटेल. आपल्या कोणत्याही चहाच्या टपरीवर यापेक्षा तिखट बोललं गेलं असतं.

पण शेजारी बघा. बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड गेला नाही. "मी माझ्या सैन्यासोबत" म्हणत राहिला आणि २८ मेला सैन्यासह शरण गेला. त्याचे मंत्री मात्र बाहेर पडून शेवटी लंडनलाच पोहोचले. युद्धानंतर त्याच राजावरून बेल्जियममध्ये दंगली झाल्या, गोळीबार झाला, आणि १९५१ मध्ये त्याला गादी सोडावी लागली. इकडे 'पळालेल्या' राणीला लोकांनी डोक्यावर घेतलं. राहणारा गेला आणि जाणारी राहिली! कारण साधं आहे. राजा हाती लागला की शत्रू त्याच्या नावाने कागद काढू शकतो. विल्हेल्मिनांची सही जर्मनांना कधीच मिळाली नाही.

मंत्रिमंडळाची गोष्ट मात्र कीव यावी अशी. पंतप्रधान डे खेअर यांचा धीर इंग्लंडला पोहोचण्याआधीच सुटला होता. जर्मनी जिंकणार, तेव्हा तह करून मोकळं व्हावं, हे त्यांचं मत. राणीने सप्टेंबर १९४० मध्ये त्यांना घालवलं. मग त्यांना कामगिरीवर ईस्ट इंडीज या डच वसाहतीत, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, धाडलं, तर गृहस्थ लिस्बनपर्यंत गेले आणि तिथून वाट वाकडी करून, जर्मनांच्या परवानगीने, सरळ घरी परतले! वर जर्मनीशी जुळवून घ्या असं सांगणारी पुस्तिकाही लिहिली. युद्धानंतर खटला झाला, दोषी ठरले.

त्याआधी आणखी एक नाटक झालं होतं. राज्यघटनेत स्पष्ट लिहिलेलं होतं की सरकारचं ठाणं राज्याबाहेर हलवता येणार नाही. मग लंडनमध्ये बसायचं कसं? काही मंत्र्यांचं म्हणणं, बटाव्हियाला जाऊ, म्हणजे आजच्या जकार्ताला. ते राज्यातच आहे. राणीने तिथलं हवामान मानवणार नाही असं सांगून विषय संपवला. साठीला आलेल्या बाईंचं कारण ऐकून हसू येतं, पण मार्च १९४२ मध्ये जपानने जावा घेतलं तेव्हा तिकडे गेलेलं सरकार अख्खं जपान्यांच्या हाती लागलं असतं.

डे खेअर यांच्या जागी आले खेरब्रांडी. बुटके, झुपकेदार मिशांचे, फ्रिसलंडचे, कायद्याचे प्राध्यापक. (डच 'ग' हा घशातून काढलेला 'ख' असतो. नऊ वर्षांनंतरही माझा घसा त्याला तयार नाही.) चर्चिल त्यांना गमतीने 'चेरी ब्रँडी' म्हणायचे. इंग्रजी यथातथाच, पण माणूस वाकला नाही. पिकॅडिलीजवळच्या स्ट्रॅटन हाउसमध्ये या सरकारच्या कचेऱ्या होत्या. देश नाही, संसद नाही, कर भरणारी रयत नाही. नुसते हुकूम काढायचे.

मग यांचं चालत कशावर होतं? मला सगळ्यात रस वाटला तो यात. हे सरकार कुणाच्या दारात झोळी घेऊन उभं नव्हतं. सोन्याचा बराच साठा आधीच अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये नेऊन ठेवला होता. (उरलेलं हलवताना ११ मेला एक पायलट बोट सुरुंगावर फुटली आणि टनावारी सोनं रॉटरडॅमच्या खाडीत गेलं. पुढे जर्मनांनी त्यातलं बरंचसं उपसून काढलं.) २४ मे १९४० ला हुकूम निघाला. व्याप्त देशातल्या डच लोकांची आणि कंपन्यांची परदेशातली मालमत्ता सरकारने आपल्या ताब्यात घेतली, म्हणजे जर्मनांनी मालकाच्या मानेवर सुरी ठेवून सही घेतली तरी न्यूयॉर्कमधला पैसा हलणार नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जहाजं. जगभर पांगलेली शेकडो व्यापारी जहाजं, २५ लाख टनांच्या आसपास. सरकारने खलाशांवर नोकरीची सक्ती केली आणि ती दोस्तांच्या मालवाहतुकीला लावली. त्या भाड्यावर लंडनचं बिऱ्हाड चाललं. त्या जहाजांवर डचांबरोबर चिनी आणि जावानीज खलाशीही होते. पाणबुड्यांनी बुडवलेल्या जहाजांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली. खलाशी बुडाले म्हणून मंत्र्यांना मान ताठ ठेवता आली, असं मी म्हणेन.

दुसरं भांडवल म्हणजे आवाज. २८ जुलै १९४० ला रात्री बीबीसीवरून 'रेडिओ ओरान्ये' सुरू झाला, रोज पंधरा मिनिटं. पहिलं भाषण राणीचंच. एकूण त्या चौतीस वेळा बोलल्या, आणि सभ्य बाई म्हणून ख्याती असलेल्या या राणीने जर्मनांना आणि फितुरांना जे शब्द वापरले ते ऐकून आजींचे वडील कोळशाच्या कोठीत हसायचे म्हणे. १९४३ मध्ये जर्मनांनी रेडिओ जमा करायला लावले. आजींच्या घरून एक जुना, मोडका सेट जमा झाला. चालता सेट कोळशाखाली गेला.

याच रेडिओवर २८ मार्च १९४४ ला शिक्षणमंत्री बोल्कस्टाइन म्हणाले की तुमच्या रोजनिशा, पत्रं जपून ठेवा, पुढे देशाला लागतील. ॲम्स्टरडॅममध्ये एका गोदामाच्या मागच्या माडीवर लपलेल्या चौदा वर्षांच्या मुलीने ते ऐकलं आणि आपली डायरी छापण्याजोगी करायला ती पुन्हा लिहायला बसली. ॲन फ्रँकची डायरी सगळ्यांना माहीत असते, तिच्यामागचा हा मंत्री कुणाला माहीत नसतो.

इथपर्यंत कौतुक. आता जे मला खुपतं ते.

१७ सप्टेंबर १९४४ ला, दोस्तांचे छत्रीधारी सैनिक आर्नहेमला उतरले त्या दिवशी, लंडनच्या सरकारने रेल्वे बंद पाडायचा हुकूम दिला. रेडिओवर सांकेतिक वाक्य आलं, "फर्स्टेखच्या पोरांनी आता पांघरुणात शिरावं." आणि तीस हजारांच्या आसपास रेल्वे कामगार काम सोडून भूमिगत झाले. त्यांच्या घरी पगार पोचवले ते वालरावेन फान हॉल नावाच्या बँकवाल्याच्या गुप्त फंडाने, लंडनच्या हमीवर कर्ज उचलून. (त्याला फेब्रुवारी १९४५ मध्ये हारलेममध्ये गोळी घातली.) म्हणजे लंडनचा शब्द इतका चालत होता. एका वाक्यावर अख्खी रेल्वे थांबत होती.

मग जुलै १९४२ पासून त्याच रुळांवरून, त्याच ड्रायव्हरांनी, वेस्टरबोर्कच्या छावणीतून ज्यूंच्या गाड्या पूर्वेच्या मृत्युछावण्यांकडे नेल्या तेव्हा लंडनने असा हुकूम का दिला नाही? या देशात १ लाख ४० हजारांच्या आसपास ज्यू होते. १ लाख २ हजार मारले गेले. ऑशविट्झला जाणारी शेवटची गाडी वेस्टरबोर्कहून सुटली ३ सप्टेंबर १९४४ ला. संपाच्या चौदा दिवस आधी. ॲन फ्रँक त्या गाडीत होती. राणीच्या भाषणांत ज्यूंचा उल्लेख अगदी मोजक्या वेळा येतो. तेव्हा माहिती कमी होती, जर्मनांनी सूड घेतला असता, संप फसला असता, ही उत्तरं मी वाचली आहेत. मला ती पटत नाहीत. सैन्याच्या चालीसाठी जो धोका पत्करता आला तो या माणसांसाठी पत्करावासा वाटला नाही, एवढाच त्याचा अर्थ मला लागतो.

संपाचा सूड जर्मनांनी घेतलाच. पश्चिम भागाचा अन्नपुरवठा तोडला. त्या हिवाळ्यात वीस हजारांवर माणसं भुकेने गेली. आजी तेव्हा दहा वर्षांच्या. ट्युलिपचा कांदा कसा खायचा हे त्यांनी मला कॉफीच्या चमच्याने करून दाखवलं. मधोमध चिरायचा, आतला पिवळा कोंब काढून टाकायचा, तो विषारी. मग उकडायचा. चव? "ओल्या भुशासारखी," म्हणाल्या. लंडनमध्ये रेशन होतं, बॉम्बही होते, पण कांदे उकडून खायची वेळ सरकारवर आली नव्हती. हे त्या चिडून म्हणाल्या नाहीत. उलट १३ मार्च १९४५ ला राणी बेल्जियमकडून एडे गावाशी आल्या तेव्हा रस्त्यावर पिठाची पांढरी रेघ ओढून सरहद्द दाखवली होती आणि राणी ती चालत ओलांडून आल्या, हे सांगताना त्यांचे डोळे चमकले. मी मनात म्हटलं, त्या हिवाळ्यात पीठ, आणि रेघ ओढायला!

एक मानलं पाहिजे. परत आल्यावर संसदेने या सरकारची चौकशी लावली, १९४७ पासून जवळजवळ दहा वर्षं. पंतप्रधानापासून सगळ्यांना बसवून प्रश्न विचारले आणि अहवालांचे जाडजूड खंड छापले.

आता आपल्याशी येऊन भिडणारा भाग. जून १९४२ मध्ये लंडनच्या मंत्रिमंडळात सुयोनो नावाचे एक जावानीज मंत्री घेतले. डच मंत्रिमंडळात बसलेला तो पहिला आणि शेवटचा इंडोनेशियन. आमच्या लोकांचा आत्मनिर्णयाचा हक्क मान्य करा, असं त्यांनी सुचवलं. टेबलाभोवती सगळे परक्याच्या टाचेखालचा देश सोडून आलेले, तरी त्यांना साथ कुणी दिली नाही. जानेवारी १९४३ मध्ये ते लंडनमध्येच वारले. डिसेंबर १९४२ मध्ये राणीने रेडिओवरून भागीदारीची, अंतर्गत स्वायत्ततेची भाषा केली, स्वातंत्र्याची नाही. आणि पाच वर्षं हिटलरपुढे न वाकलेले आपले खेरब्रांडी? युद्धानंतर इंडोनेशिया सुटू नये म्हणून काढलेल्या समितीचे पुढारी. इथे माझा त्यांच्याबद्दलचा आदर घसरतो.

१७ ऑगस्ट १९४५ ला इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. सप्टेंबरात जाव्यातल्या सुराबाया शहरात एका हॉटेलवर काही डचांनी आपला लाल-पांढरा-निळा झेंडा चढवला. इंडोनेशियन पोरं गच्चीवर चढली आणि खालची निळी पट्टी फाडून टाकली. उरला लाल-पांढरा, त्यांचा स्वतःचा. डचांकडे तेव्हा तिथे पाठवायला सैन्य नव्हतं. ब्रिटिशांनी जपान्यांना निःशस्त्र करायला आणि छावण्यांतल्या डच बायामुलांना सोडवायला ४९ वी भारतीय ब्रिगेड उतरवली. तिच्या तीन पलटणींपैकी दोन मराठा लाइट इन्फंट्रीच्या. इंडोनेशियनांना वाटलं, हे डचांना परत बसवायला आले आहेत. पूर्ण चूकही नव्हतं ते. ऑक्टोबरअखेर तीन दिवसांत त्या ब्रिगेडचे शेकडो जवान मारले गेले किंवा बेपत्ता झाले, तिचा प्रमुख ब्रिगेडियर मॅलबीही गेला.

माझ्या आईचे एक काका तिथे होते. सातारा जिल्ह्यातले. घरात 'जाव्याला गेलेले' एवढीच त्यांची ओळख. ते एकच वाक्य बोलायचे, "जपान हरला, लढाई संपली म्हणून सांगितलं, आणि मग लढाई लागली." कुणासाठी लागली हे त्यांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

जकार्तामध्ये मेन्तेंग पुलो इथे डच सैनिकांची दफनभूमी आहे. तिला लागूनच राष्ट्रकुलाची, तिच्यात १९४५-४६ मध्ये जाव्यात पडलेले भारतीय जवान आहेत. मला तिथे एकदा जायचं आहे. काकांचे दोन सोबती परतले नव्हते. त्यांची नावं आता आमच्या घरात कुणालाच आठवत नाहीत.