‘सांगा’ म्हणणे सोपे आहे

महाराष्ट्रात हल्ली मानसिक आजाराबद्दल मोकळेपणाने बोलले जाते, याचे इंग्लंडमधल्या लीड्समध्ये राहूनही मला समाधान वाटते. नैराश्यावरचे स्वानुभव छापून येतात, नट-नट्या मुलाखतीत आपल्या औषधांविषयी सांगतात, आणि ‘लपवू नका, सांगा’ हा सल्ला सुशिक्षित वर्तुळात सर्वमान्य झाला आहे. समोर उभी असतात ती घरातली वडीलधारी माणसे, ज्यांचे म्हणणे एवढेच असते की नोकरी आणि लग्न होईपर्यंत कुठे वाच्यता करू नये. त्यांना मागासलेले ठरवून आपण मोकळे होतो. मला सायकोसिस आहे. आजार उफाळला की नसलेले आवाज ऐकू येतात आणि लोक माझ्यावर पाळत ठेवून आहेत याविषयी मनात तिळमात्र शंका उरत नाही. साताऱ्यात आई आजही नातेवाइकांना ‘तिच्या मायग्रेनच्या गोळ्या चालू आहेत’ असे सांगते, आणि तिला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही.

मी इथे नोकरीत सांगितले, त्यात माझ्या धैर्यापेक्षा कायद्याचा वाटा मोठा आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यानुसार नोकरी देऊ करण्याआधी उमेदवाराला प्रकृतीविषयी सहसा विचारता येत नाही. रोजच्या व्यवहारावर लक्षणीय परिणाम करणारा आणि बारा महिने टिकलेला किंवा टिकण्याची शक्यता असलेला आजार अपंगत्वात धरला जातो, आणि तो औषधांनी आटोक्यात असला तरी औषधांविना काय अवस्था झाली असती हे पाहिले जाते. म्हणून मी नेमणूकपत्र हाती आल्यावरच तोंड उघडले. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी लवकर उतरत नाही, तेव्हा मला दहाची वेळ मिळाली; सूचना लेखी मिळू लागल्या; आणि पाठीमागे कोणी येऊन उभे राहणार नाही अशी भिंतीलगतची जागा मिळाली. इंग्लंडचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. कृष्णवर्णीयांना मानसिक आजारासाठी सक्तीने रुग्णालयात ठेवण्याचे इथले प्रमाण गोऱ्यांच्या तिपटीहून अधिक आहे, तेव्हा मन मोकळे करण्याची किंमत इथेही सर्वांना सारखी पडत नाही.

कार्यालयात न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे ज्यांचा मेंदू बहुसंख्यांपेक्षा वेगळ्या पद्धतीने चालतो अशा, कर्मचाऱ्यांचा एक गट आहे, आणि तिथे जे घडते ते मला अधिक बोलके वाटते. एकाने एडीएचडी (लक्ष एकाग्र न होणे, अतिचंचलता) म्हटले, दुसरीने डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) म्हटले, की माना डोलतात आणि हशा पिकतो. मी सायकोसिस म्हटल्यावर क्षणभर कोणी बोलले नाही. मग एकाने काळजीच्या सुरात विचारले, ‘पण आता बरी आहेस ना?’ हा प्रश्न डिस्लेक्सियावालीला कोणी विचारला नव्हता. गंमत अशी, की माझ्या शेजारच्या ऑटिस्टिक (स्वमग्न) सहकाऱ्याने मागितलेल्या सवलती आणि माझ्या सवलती जवळजवळ त्याच होत्या.

या अंतरामागे इतिहास आहे. अमेरिकी मानसोपचाराच्या वर्गीकरणात १९८० पर्यंत ऑटिझमला वेगळे स्थान नव्हते आणि अशा मुलांची गणना बालपणीच्या स्किझोफ्रेनियात, म्हणजे सायकोसिसच्याच एका दीर्घ आजारात, होत असे, त्यामुळे ‘आम्ही आजारी नाही, वेगळे आहोत’ असे बजावणे ऑटिस्टिक चळवळीला भागच होते. मात्र त्या घोषणेत आजारी माणसाला दाराबाहेर ठेवण्याची सोयही आपोआप झाली. वास्तविक न्यूरोडायव्हर्जंट हा शब्द रूढ करणाऱ्या कॅसियान असासुमासू यांना त्यात मानसिक आजार असलेली माणसेही अभिप्रेत होती. माझी अडचण एवढीच आहे, की आवाज ऐकू येणे ही देणगी आहे असे मला म्हणता येत नाही. आवाजांशी जुळवून घेऊन जगणारी, औषध नको म्हणणारी माणसे मला भेटली आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. मला मात्र ते आवाज परत यायला नको आहेत. आपल्या दुखण्याचे कौतुक केल्याशिवाय एखाद्या समूहात जागा मिळत नसेल, तर तो समूह अजून पुरता मोकळा झालेला नाही.

पुण्या-मुंबईत आता न्यूरोडायव्हर्जंट हा शब्द रुजतो आहे, आणि त्याबरोबर ही उतरंडही येते आहे, याची मला खंत वाटते. कॅल्गरीत संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजाराच्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या कामाला बळ दिले ते हा शब्द आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधी. नव्या गटांना त्या कामाची आठवण राहावी. भारतीय कायद्याने तर आम्हाला केव्हाच एका ओळीत बसवले आहे: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार यांना, बहुविकलांगतेसह, सरकारी नोकऱ्यांतला १ टक्का एकत्र दिलेला आहे.

दुसरीकडे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या कारणांमध्ये स्किझोफ्रेनियाचा नाव घेऊन उल्लेख आहे. केवळ निदान पुरेसे नाही, आजाराची तीव्रता पाहावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केले. पण स्थळ पाहणारी माणसे निकालपत्रे वाचत नाहीत. सांगितले तर स्थळ मोडते, लपवले तर फसवणूक म्हणून पुढे लग्नच रद्द ठरू शकते, आणि ‘सांगा’ म्हणणाऱ्यांपैकी कोणी या पेचाविषयी बोलत नाही.

मानसिक आजार असलेल्या माझ्या कराडच्या मामेभावाचेच पाहा. सिव्हिलमधून अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढले आणि अपंगत्व ४० टक्के भरले, तर त्याला सरकारी नोकऱ्यांतल्या त्या १ टक्क्यातून अर्ज करता येईल. मात्र प्रमाणपत्राबरोबर मिळणाऱ्या कार्डावर अपंगत्वाचा प्रकार छापलेला असतो, आणि सिव्हिलमध्ये मामीच्या ओळखीची दोन माणसे आहेत. मामी म्हणते, धाकटीचे लग्न होऊ दे, मग काढू. भरतीची वयोमर्यादा तोवर थांबणार नाही, हे मी फोनवर सांगितले. तू तिथे आहेस म्हणून बोलतेस, असे ती म्हणाली, आणि तिचे म्हणणे खरे आहे.