मिरज गेल्यावर पाकीट उघडा

सहल स्वतः ठरवण्याचे दिवस गेले. कुठे जायचं, कधी जायचं, कोणाबरोबर जायचं यावर आठवडाभर डोकं चालवणारी माणसं शेवटी पोचतात कुठे? नरसोबाच्या वाडीला. आता नवी पद्धत आली आहे. सहल तुमची, गुडघे तुमचे, बेत मात्र दुसऱ्याचा. जायचं एकट्याने, आणि कुठे ते गाडी सुटेपर्यंत तुम्हाला कळू द्यायचं नाही. याला सोलो सरप्राइज म्हणतात. यंदा मे महिन्यात निवृत्तीची भेट म्हणून मुलांनी ते मला दिलं. तुमच्याही घरी असलं प्रेम उतू जायच्या बेतात असेल, तर पुढच्या सूचना जपून ठेवा.

बॅग भरताना प्रश्न विचारायचे नाहीत. 'कपडे सुटसुटीत, मन मोकळं' एवढाच निरोप आयोजक कंपनीकडून येतो आणि तो पुरेसा असतो. मी विचारलं, "स्वेटर घेऊ का गं?" लेक फोनवर गूढ हसली. गूढ हसण्याचा अर्थ कोल्हापूरचा माणूस थंड हवेचं ठिकाण असाच लावणार. घेतला. मे महिन्यातल्या हंपीत, भर दुपारी, दगड तव्यासारखे तापलेले असताना आपल्या बॅगेत स्वेटर आहे या विचाराने किती धीर येतो म्हणून सांगू!

शेजाऱ्यांना गाडीचं नाव सांगू नका. माझी गाडी तिरुपतीची होती. झालं. समोरच्या वहिनींनी हुंडीत टाकायला 101 रुपये दिले, खालच्या काकूंनी लाडवांसाठी डबा दिला. मी उतरले होस्पेटला, हंपीला जायचं स्टेशन ते. डबा रिकामाच परत आला आणि आता आमच्या बिल्डिंगमध्ये मी तिरुपतीला जाऊन देवाला न भेटता आलेली बाई आहे.

टीसीशी नम्रपणे वागा. पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'मिरज गेल्याशिवाय उघडू नये.' तिकीट पाकिटात. टीसी आला हातकणंगल्यालाच.

"कुठे उतरणार?"

"माहीत नाही."

"तिकीट?"

"मिरज गेल्यावर दाखवते."

त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि समोरच्या बाईला हळूच विचारलं, "यांच्याबरोबर कोण आहे?"

शेवटी पाकीट तिथेच फोडलं. आत हंपी निघालं, आणि आरएसी निघाली. पंचेचाळिशीच्या पुढच्या, एकट्या प्रवास करणाऱ्या बाईला खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. फक्त तिकीट काढताना तो निवडावा लागतो, आणि तिकीट वेळेवर काढावं लागतं. पण 60 दिवस आधी जागं राहून नीट तिकीट काढलं, तर त्यात सरप्राइज कसलं? तेव्हा साइड लोअरचा अर्धा भाग माझा आणि अर्धा बल्लारीच्या एका गृहस्थांचा. एकटीने फिर म्हणून पाठवलेल्या बाईला बसायला जागा दोघांत मिळून एक. (2020 च्या मार्चपर्यंत 58 च्या पुढच्या बायकांना रेल्वेत अर्धं तिकीट असायचं. ते गेलं. आता तिकीट पूर्ण आणि सीट अर्धी.)

रात्री होस्पेट स्टेशनवर पाटी शोधा. पाटीवर तुमचं नाव नसेल. बुकिंग लेकीचं, म्हणून पाटीवर लेकीचं नाव, हॉटेलच्या वहीतही तिचंच. आधार कार्ड माझं. काउंटरवरचा मुलगा आलटून पालटून दोन्हीकडे बघत होता. मग माझ्या मागे दाराकडे बघायला लागला. "सर येतायत ना मागून?" नाही बाबा, सरांना आणायचं नव्हतं.

पैशांचा हिशेब करू नका. खोलीचा दर दोघांचा असतो, तो एकटीने भरायचा. रिक्षाचं दिवसाचं भाडं चौघांना तेवढंच आणि एकीला तेवढंच. तुंगभद्रेतल्या त्या गोल टोपलीसारख्या होडीत एकटं बसायचं म्हटलं, तर रिकाम्या जागांचेही पैसे तुम्हीच द्यायचे. आपण एकटेच असल्याची जाणीव इतक्या वेळा, इतक्या रोख स्वरूपात दुसरं कोणी करून देणार नाही.

कार्यक्रमपत्रिकेवर श्रद्धा ठेवा. 'पहाटे 5: मातंग टेकडी. सूर्योदयाच्या साक्षीने स्वतःला भेटा.' मी स्वतःला रोज भेटते, वेणी घालताना. त्याच दिवशी दुपारी अंजनाद्री, 575 पायऱ्या. कंपनीच्या फॉर्ममध्ये 'साहसाची आवड' असा रकाना होता, तिथे माझ्या वतीने लेकीने 'मध्यम' लिहिलं होतं म्हणे. जेवायला ज्वारीची भाकरी आणि भरली वांगी मागितली, तर माझ्या कुपनावर पॅनकेक होता.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. फोटो पाठवत राहा. सोलो सहल म्हणजे एकटीने जाणं, एकटं राहणं नव्हे. 'आई ऑन हर ओन' नावाचा ग्रुप निघतो. त्यात मुलगा, मुलगी, सून, जावई, विहीणबाई, दोन्ही मावश्या आणि कंपनीतला एक उत्साही पोरगा. लाइव्ह लोकेशन चालू. "आई, अर्धा तास एकाच जागी का आहेस? सगळं ओके ना?" अगं, बायका प्रवासात अर्धा तास एका जागी का असतात, ते विहीणबाईंच्या देखत ग्रुपवर लिहू का मी? सावलीत टेकले की मेसेज. फोनची बॅटरी संपली की कंपनीचा पोरगा रिक्षावाल्याला फोन करणार. विठ्ठल मंदिराच्या आवारात पोचते न पोचते तोच हुकूम आला, "आई, रथासमोर 50 ची नोट धरून फोटो काढ, सगळे काढतात." नव्या 50 च्या नोटेवर मागे तो दगडी रथ छापलाय, हे खरं. पण माझ्याकडे 50 ची नोट नव्हती. शहाळ्यावाल्याकडून मोड घेतली, रथासमोर नोट धरली, एका अनोळखी मुलीच्या हातात फोन दिला, फोटो पाठवला. उत्तर आलं, "चष्मा काढून." काढला. "हास की गं." हसले. "नोट जरा वर, चेहरा झाकला जातोय." अरे, त्या रथाला काही शतकं झाली, मला तिथे उन्हात उभं राहून आणखी तेवढीच होणार होती. त्याच्या मागचं मंदिर, ते कोरीव खांब, काही म्हणजे काही बघितलं नाही मी. रात्री तो फोटो स्टेटसला लागला. खाली लिहिलेलं, 'शेवटी आई स्वतःसाठी जगायला लागली!'

शेवटी? म्हणजे इतकी वर्षं मी काय भाड्याने जगत होते? बँकेच्या काउंटरवर बसले, प्रमोशन घेतलं, नाकारलं, पुन्हा घेतलं, भिशी चालवली, गणपतीत नाटकात काम केलं, ते कोणासाठी होतं? आणि तुमच्या पॅनकेकच्या कुपनावर मी स्वतःसाठी जगतेय?

असो. सल्ला द्यायला बसले आहे, चिडून चालणार नाही.

एकट्याने जाण्याला मोठी परंपरा आहे हे लक्षात घ्या. पंढरीचा विठोबा कृष्णदेवरायाने विजयनगरला, म्हणजे आताच्या हंपीला, नेला, आणि नाथांचे पणजोबा भानुदास महाराज यांनी तो परत आणला, असं वारकरी सांगतात. ते मंदिर आहे, गाभारा आहे, आत मूर्ती नाही. म्हणजे बघा, जोडीदाराला घरी ठेवून, दुसऱ्याने ठरवलेल्या सहलीवर हंपीला जाण्याचा मान पहिल्यांदा प्रत्यक्ष पांडुरंगाचा. माझा दुसरा.

होय, जोडीदार घरी होता. तेवढं सांगायचं राहिलं. "बाबांचं आम्ही बघतो, तू निर्धास्त जा," असं मुलं म्हणाली. बघतो म्हणजे काय, तर दोन वेळचं जेवण मोबाइलवरून मागवून दिलं. आणि हे बाबा कोण? तर हायस्कुलात आयुष्यभर इतिहास शिकवलेला माणूस. तालिकोटची लढाई, 1565, हे शहरातल्या अर्ध्या रिक्षावाल्यांकडून आणि एका नगरसेवकाकडून त्यांनी पाठ करून घेतलंय. विजयनगरचा नकाशा फळ्यावर न बघता काढायचे. हंपी त्यांनी कधीही पाहिलेलं नाही. दर दिवाळीत जाऊ म्हणायचे, दर दिवाळीत कोणाची तरी परीक्षा, कोणाची तरी फी. कोणाची, ते ग्रुपवरच्यांना माहीत आहे.

मी विरूपाक्ष मंदिरातून त्यांना व्हिडिओ कॉल लावला. गाइड जे सांगत होता त्यातलं काय चुकीचं आहे ते त्यांनी फोनवरून सांगितलं. मग म्हणाले, "जरा डावीकडे वळव गं फोन." मग रेंज गेली.

कसला सोलो आणि कसलं सरप्राइज? कोणी सांगितलं तुम्हाला, मला एकटीला जायचंय म्हणून? भाच्याने पाठवलेल्या हंपीच्या फोटोला मी एकदा अंगठा दाखवला, त्यावरून तुम्ही माझं स्वप्न शोधून काढलंत. आणि ज्याचं ते खरंच स्वप्न होतं, तो माणूस त्याच घरात, समोरच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होता. विचारायला काय लागतं रे? एक फोन. "आई, बाबा, कुठे जाऊ या?" त्यातही 'या' म्हटलंत तर तुम्हालाही यावं लागेल, ही भीती आहे होय? रजा नाही, प्रोजेक्ट आहे, मुलांचे क्लास आहेत. मग सरळ तसं सांगा. वेळ नाही म्हणून पाकीट पाठवायचं, ट्रिप कंपनीने ठरवायची, काळजी लाइव्ह लोकेशनने करायची, आणि कौतुक मात्र स्टेटसवर तुमचं व्हायचं. 'किती करतात हो मुलं तुमच्यासाठी,' असं विहीणबाई अजून म्हणतायत. मी हसून 'हो' म्हणते. ते आता बंद.

दोन तिकिटं काढा. डिसेंबरात. वेळेवर, खालच्या बर्थचा कोटा निवडून. बुकिंग आमच्या नावाने करा. खोलीचा दर तेवढाच आहे, रिक्षाचंही भाडं तेवढंच आहे, आणि गाइडचे पैसे धरू नका, गाइड घरचा आहे.