गंज : जैसे थे

गंजलेली वस्तू घासून चकचकीत करणं सोपं असतं. तिच्याकडे दुर्लक्ष करून ती आणखी गंजू देणं त्याहून सोपं. पण आज जेवढी गंजली आहे तेवढीच ती उद्याही असावी, तसूभर जास्त नाही की कमी नाही, असा हट्ट धरला की माणूस चारचौघांतून उठतो. मी उठलो आहे. माझ्याकडे एक जुनी पोलादी सायकल आहे आणि तिच्याहूनही जुनी एक मोटार. दोघींचा मूळ रंग कुठे टिकलाय, कुठे विटलाय, आणि जिथे तो उडालाय तिथे विटकरी, तपकिरी, जांभळट, काळपट अशा छटा उमटल्या आहेत. कुठल्याही रंगाऱ्याला पैसे मोजून हे जमायचं नाही. हे माझं मत. बाकी सगळ्यांचं मत प्रश्नाच्या रूपात येतं : "रंग कधी देणार?"

हा प्रश्न विचारायला ओळख लागत नाही. सिग्नलला शेजारी थांबलेला माणूस काच खाली करून विचारतो. विचारताना त्याच्या आवाजात जी करुणा असते ती मी आजारी असतानाही कुणी दाखवलेली नाही. एका भंगारवाल्याने काहीच विचारलं नाही. मोटारीभोवती एक फेरी मारली, बंपरला बोट लावून पाहिलं आणि मनातल्या मनात वजन केलं. त्यातल्या त्यात तो माणूस मला बरा वाटला. त्याने निदान वस्तूकडे नीट पाहिलं तरी.

खरं दुखणं असं की लोखंडाचं नशीबच खोटं. तांब्याचं बघा. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ साली उभा राहिला तेव्हा तांबूस होता. पुढे तो हिरवा पडायला लागला आणि १९०६ च्या सुमारास त्याला रंग देण्याची टूम निघाली, तेव्हा लोकच विरोधात उभे राहिले. तज्ज्ञांनीही सांगितलं की हा हिरवा थर खालच्या तांब्याला जपतो, त्याला हात लावू नका. रंग दिला नाही. माझ्या मडगार्डाच्या बाजूने आजवर एकही तज्ज्ञ उभा राहिलेला नाही, आणि राहील असंही दिसत नाही, कारण लोखंडाचा गंज कुणाला जपत बिपत नाही. तो सच्छिद्र असतो, पाणी आणि हवा आत सोडतो. मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा अडवतो, मग फुगतो, त्याचे पोपडे सुटतात आणि खालचं ताजं लोखंड उघडं पडतं. तेही मग कामाला लागतं. थोडक्यात, हा भाडेकरू एका खोलीत राहतो म्हणून येतो आणि भिंत पाडून शेजारची खोली घेतो. माझं सगळं आयुष्य त्याला एका खोलीत डांबण्यात चाललं आहे.

शेजारच्या नानांना ही हकिगत सांगितली तर त्यांनी दिल्लीचा लोहस्तंभ काढला. "सोळाशे वर्षं उन्हापावसात उभाय तो! गंजला का? आणि तुझी सायकल बघ." आता नानांशी वाद घालायचा म्हणजे आधी त्यांचं ऐकू येण्याचं यंत्र चालू करून घ्यावं लागतं. तरी मी सांगितलं, की नाना, तोही गंजलाय, फक्त शिस्तीत गंजलाय. त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ, घट्ट थर धरला आणि त्याने पुढचा गंज अडवला. सायकलीच्या नळ्यांत तेवढा फॉस्फरस नसतो. नाना म्हणाले, "मग घालून घे."

तसं शिस्तीत गंजणारं पोलाद आता मुद्दाम बनवतात. कॉर्टेन म्हणतात त्याला. त्यात तांबं, क्रोमियम वगैरे थोडं थोडं मिसळलेलं असतं, आणि आलटून पालटून ओलं-कोरडं होत राहिलं की त्याचा गंज घट्ट बसतो. इरो सारिनेन या वास्तुकाराने अमेरिकेतल्या मोलिनमध्ये जॉन डिअर कंपनीचं अख्खं मुख्यालय त्याच पोलादात आखलं. ते १९६४ साली पूर्ण झालं. कंपनी कसली, तर ट्रॅक्टर आणि नांगरांची! ज्यांची गिऱ्हाइकं आपापल्या अवजारांवरचा गंज काढण्यात जन्म घालवतात, त्यांनी स्वतःची इमारत हौसेने गंजवली. वास्तुकाराने केलं की शैली, मी केलं की आळस.

आळस! इथे मला थोडा आवाज चढवू द्या. गंज राखण्याइतकं कष्टाचं काम मी दुसरं पाहिलेलं नाही. आधी गाडी सौम्य साबणाच्या पाण्याने धुवायची, पण घासायची नाही. लगेच टिपायची, सांध्यासांध्यात वारा मारून कोरडी करायची. मग बोट फिरवायचं. बोटाला नारिंगी भुकटी लागली तर तिथला गंज अजून जिवंत आहे, असं समजायचं. अतिबारीक स्टील वूल, शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरचं, हलक्या तेलात बुडवून त्याने फक्त ती सुटी भुकटी उचलायची. थोडा जोर जास्त झाला की खालचं पांढरं लोखंड चमकायला लागतं आणि वर्षानुवर्षांची कमाई फडक्यात येते. मग थर द्यायचा. मेण दिलं तर रंगात फारसा फरक पडत नाही, पण ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. मेंढीच्या लोकरीतून निघणारं लॅनोलिन गंजाला उत्तम रोखतं, फक्त त्यानंतर धूळ आणि केस त्याला चिकटतात, आणि मोटारीला पाठ टेकवलेला माणूसही. वरून पारदर्शक लॅकर मारून मोकळं व्हा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. लॅकरखाली जराशी जरी ओल अडकली तरी गंज आतल्या आत निवांत वाढतो आणि मग लॅकरसकट निघून येतो.

माझी भिस्त जवसाच्या तेलावर आहे. अगदी पातळ हात द्यायचा, जास्तीचं पुसून काढायचं; विटकरी रंग असा खुलतो की काय सांगावं. मात्र हे तेल उडून वाळत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि तसं करताना तापतं. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. ही थट्टा नाही, असे प्रकार खरोखर घडतात. त्यामुळे मी प्रत्येक फडकं उघड्यावर, सुटं सुटं पसरून वाळवतो. बायको म्हणाली, "स्वतःचे शर्ट कधी असे वाळत घातले होतेस?" मी म्हटलं, शर्ट पेट घेत नाहीत. यावर तिने जे पाहिलं, त्यात पेट घेण्याची क्षमता होती.

हवेची आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की उघडं लोखंड जोमाने गंजतं, म्हणून गाडीपाशी आर्द्रतामापक टांगला आहे. सकाळी उठून मी आधी तो बघतो. घरच्यांचं म्हणणं, आधी आम्हाला बघावं.

आणि लोक ज्यावर हळहळतात तो गंज खरा शत्रू नाहीच. सायकलीची घातक जागा दिसतच नाही : सीटच्या दांड्याशेजारून पाणी आत शिरतं, नळीतून खाली उतरतं आणि पायडलचा आस ज्यात फिरतो त्या कप-कोनाशी साचून बसतं. बाहेरून कौतुकाचे फोटो आणि आतून चाळण. त्यामुळे मी अधूनमधून सायकल उलटी करतो, सीटचा दांडा उपसून पाणी काढतो, नळ्यांत तेल सोडतो. मोटारीच्या खाली झोपून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने चासी ठोकतो. ठण् आवाज आला तर गंज शोभेचा, थप् आला तर वेल्डरचा. चेन, ब्रेक, केबली, टायर मात्र नवेकोरे. उतारावर कलादृष्टी उपयोगी पडत नाही.

एवढं सगळं केल्यावर मी गावाला गेलो असताना माझा मेहुणा मुक्कामाला आला. मुलगा गुणी आहे. रिकामं बसवत नाही त्याला. मी परतलो तेव्हा तो अंगणात कमरेवर हात ठेवून उभा होता. "दाजी, सरप्राइज!" सायकलीचं पुढचं मडगार्ड आरशासारखं झालं होतं. ऑक्झॅलिक आम्लात बुडवलं, म्हणाला, अजिबात मेहनत पडली नाही. मला मात्र पडली. व्हिनेगर, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मीठ फवारून मी ते मडगार्ड पुन्हा गंजवायला बसलो. गंज चटकन येतो, पण कसा, तर भडक नारिंगी, पोरकट. जुन्या गंजातला तो जांभळा-काळा पोक्तपणा फवाऱ्यातून येत नाही. शिवाय मीठ धुऊन काढलं नाही तर काम चालूच राहतं. नाना कठड्यावरून पाहत होते. काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त आत हाक मारून बायकोला बाहेर बोलावलं.

"निदान प्लास्टिकने झाकून तरी ठेव," असं नंतर त्यांनी सुचवलं. प्लास्टिकखाली ओल कोंडते. शिवाय झाकून ठेवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग होऊन गेलेला आहे. अमेरिकेतल्या टल्सा शहराने १९५७ साली कोरी प्लिमथ बेल्व्हेडेअर मोटार काँक्रीटच्या तळघरात पुरली, पन्नास वर्षांनी काढायची म्हणून. पुढच्या काळात पेट्रोल मिळेल न मिळेल, म्हणून सोबत पेट्रोलही ठेवलं. २००७ साली उघडलं तर तळघरात पाणी भरलेलं आणि मोटार गंजून चिखल झालेली. पेट्रोल तेव्हाही बाजारात मिळत होतं.

आईला मात्र पॅरिसची गोष्ट सांगितली. फ्रान्समधल्या एका संग्रहातल्या, शेडमध्ये कुजत पडलेल्या जुन्या गाड्या २०१५ साली तिथे लिलावात निघाल्या, आहेत त्याच अवस्थेत, आणि कित्येकींना भरमसाट बोली लागली. त्यातली एक फेरारी मासिकांच्या गठ्ठ्यांखाली सापडली होती. ती १ कोटी ६० लाख युरोंच्या वर गेली. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मी तुझ्या बॉनेटवर रद्दी ठेवते तर ओरडतोस कशाला?"

परवा भाचा त्याची नवी गाडी घेऊन आला. दारापासून डिकीपर्यंत गंजलेली. जवळ जाऊन पाहिलं तर सगळा छापील विनाइल स्टिकर! पोपडे छापलेले, ओघळ छापलेले, विटलेला रंगसुद्धा छापलेला. पाऊस लागो, ऊन लागो, वाढत नाही, कमी होत नाही. मी जे आयुष्यभर साधू पाहतोय ते त्याने एका दुपारी चिकटवून घेतलं होतं. सगळे खाली उतरून कौतुक करत होते. नाना तर हात फिरवून म्हणाले, "काय हुबेहूब आहे!" तेवढ्यात मेहुण्याला कल्पना सुचली. तो माझ्या मोटारीकडे बघून मनापासून म्हणाला,

"दाजी, तुम्हीही हाच स्टिकर लावून टाका ना. म्हणजे खालचा गंज दिसणार नाही."